डब्याच्या छतातला पंखा

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, लिहिण्याचं धाडस करतोय, चुकलं तर माफ करा. पण कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की तो मे महिना आठवतो. रामटेककडच्या रस्त्याच्या कामावर आई चाकांवरच्या पत्र्याच्या डब्यात मजुरांचा स्वयंपाक करायची. उकाड्याने तिला दोनदा भोवळ आली, तेव्हा मी माझ्या नागपूरच्या खोलीतल्या कूलरचा पंखा काढून नेला आणि डब्याचं छत कापायला बसलो. "काहून कापून राहिला बे? डबा मालकाचा हाय!" मुकादम खालून ओरडला. आई लाटणं घेऊन दारात आली. "डबा मालकाचा, पन जीव त माहा हाय ना गा? तू काप, बाबू." पंखा फिरला, कोंडलेली वाफ बाहेर गेली, आणि संध्याकाळी आईचं कामही गेलं. महिन्याभराने तिचा फोन आला: त्याच मुकादमाने तिला परत बोलावलं होतं, बाकीच्या डब्यांत भोक कुठे पाडायचं ते दाखवायला.