पाकाची तार

उद्या नणंदेचं डोहाळजेवण, म्हणून आम्ही रव्याच्या लाडवांचा पाक करत होतो. "बघ गं, तार आली का," सासूबाई म्हणाल्या. मी पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरला, बोटं हळूच लांब केली आणि थबकले. सकाळी न्हाणीघराचं दार लावून मी नेमकं हेच केलं होतं.

अंगावरून जाणारं पांढरं अंड्यातल्या पांढऱ्यासारखं निसरडं झालं, बोटांत न तुटता ताणलं गेलं, की ते दिवस मूल राहण्याचे, असं डॉक्टरीणबाईंनी शिकवलंय. तेव्हापासून मी आपल्याच अंगावर पाळत ठेवून असते. नवऱ्याला आता सांगावंही लागत नाही. माझ्या चेहऱ्यावरून ओळखून तो लवकर घरी येतो, आणि आम्ही दोघं पाहुण्यांसारखे अवघडून बसतो.

माझ्या अंगात काही कमी असतं तर या अंगावर तरी रागावता आलं असतं. पण धागा दर महिन्याला येतो, हवा तसाच, आणि पाळीही येते. पाकाचं बरं असतं. तार आली की लाडू वळला जातो.

"आली का गं?"

"आली."

"मग बघत काय उभी राहिलीस? वेळ गेली, की काही होत नाही त्याचं."