व्हिएन्नाच्या टेकडीवर नाकारलेला चहा

त्र्याहत्तर सालच्या नाताळात मी चार दिवस व्हिएन्नाला गेलो होतो. एकटाच. जर्मनीतल्या एका कारखान्यात माझं वर्षभराचं ट्रेनिंग चालू होतं, नाताळाला कारखाना बंद, बरोबरचे सगळे आपापल्या घरी गेलेले... मग मीही बॅग भरली.

जळगावला दाणाबाजारात आमचं डाळींचं दुकान, वर घर, घरात चौदा माणसं. मी तोपर्यंत पाचोऱ्यालासुद्धा एकटा गेलो नव्हतो. माझं पत्र दुकानात वाचलं गेलं तेव्हा माल तोलणारे शिंदखेड्याचे नाना म्हणाले म्हणे, "एकलाच गया? बोलाले बी कोनी नही?" बोलायलाही सोबत कुणी नाही, म्हणून त्यांना माझी काळजीच वाटली होती.

निघताना आईने माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं. चौविहार पाळायचा. आम्ही जैन, सूर्य मावळल्यावर अन्न नाही आणि पाणीही नाही. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो होतो, कारण जळगावात सूर्य माणसाला जेवायला भरपूर वेळ देतो.

व्हिएन्नात डिसेंबरात तो चारलाच मावळतो. तोही दिसत नाही, कारण दिवसभर आभाळ भरलेलं. त्यामुळे माझी सगळी सहल साडेतीनला येऊन अडायची. राजवाडा अर्धा बघून झाला की बाहेर यायचं, बाकावर बसून ब्रेड, चीज आणि सफरचंद संपवायचं, वर पाणी प्यायचं. बटाटा आम्हाला वर्ज्य, आणि बटाटा वगळला तर तिथे शाकाहारात फारसं काही उरत नाही. त्यानंतर शहर दिव्यांनी झगमगायचं आणि मी अर्धपोटी ते बघत फिरायचो. छान होतं शहर.

मी एका बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होतो. सत्तरीच्या होत्या, एकट्याच. पहिल्याच दिवशी मी मोडक्या जर्मनमध्ये त्यांना विचारलं, आज सूर्य किती वाजता मावळेल? त्यांनी चष्मा लावला, वर्तमानपत्रात शोधलं आणि सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून नाश्त्याच्या बशीशेजारी वेळ लिहिलेली चिठ्ठीच असायची.

का विचारतो, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर लाज वाटायची. इंजिनीअर झालेला माणूस सूर्याला विचारून जेवतो, हे त्या शहरात कुठल्या तोंडाने सांगणार...

चौथ्या दिवशी आभाळ मोकळं झालं. बाई कोट घालून दारात उभ्या. म्हणाल्या, "आज दिसेल. चल." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भारतातून आलेल्या या मुलाला सूर्यास्त बघायचाय आणि बिचाऱ्याला तो मिळत नाहीये, असा त्यांचा समज झाला होता.

ट्राम, मग बस, मग बर्फातून थोडं चालणं. शहराबाहेरच्या टेकडीवर आम्ही दोघं उभे. त्या दगदगीत माझं साडेतीनचं खाणंही राहिलं. थंडीने दात वाजत होते. बाई एक शब्द बोलल्या नाहीत, मला नीट बघता यावं म्हणून. सूर्य पूर्ण खाली गेला, आणि मग त्यांनी पिशवीतून थर्मास काढला. दूध घालून केलेला चहा. भारतीय लोक असाच पितात, हे त्यांनी कुणाला तरी विचारून घेतलं होतं.

दहा मिनिटं आधी दिला असता तर मी दोन कप प्यायलो असतो.

मी म्हणालो, "नको." त्या म्हणाल्या, "थंडी आहे, घे." मी पुन्हा "नको, थँक यू" म्हणालो. त्यांनी कपातला चहा परत थर्मासात ओतला, झाकण लावलं. स्वतःही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो.

एप्रिलमध्ये जळगावला परत आलो. आई गच्चीवर पापड वाळत घालत होती. चौविहार मोडला नाही ना, हे तिने विचारलंच. मी टेकडीची गोष्ट रंगवून सांगितली. भुकेने आणि थंडीने जीव चालला होता, तरी घोटभर चहा घेतला नाही... शाबासकी मिळेल अशी अपेक्षा होती.

तिचा हात थांबला. "व्रतात सूट असते रे. जीव कासावीस झाला तर असते, वडीलधाऱ्यांनी सांगितलं तर असते. तुला कारण तरी सांगता आलं नाही?"

मी म्हणालो, लाज वाटली.

"तिला वाटलं असेल, तिच्या हातचं तुला चालत नाही," आई म्हणाली. आणि पुढचा पापड घातला.

इतक्या महिन्यांत हे माझ्या मनातही आलं नव्हतं. त्याच दिवशी मी बाईंना पत्र लिहिलं. व्रत, आई, चिठ्ठ्या, सगळं.

महिन्याभराने उत्तर आलं. मोजक्या ओळी होत्या. कळवल्याबद्दल आभार, आईला नमस्कार. आणि खाली लिहिलं होतं, "थर्मास चांगला आहे. घरी आले तेव्हा चहा गरमच होता. मी एकटीनेच प्यायले."

ते वाचून मी दुकानात खाली जाऊन बसलो.

चौविहार मी आजही पाळतो. पण कुणी आपुलकीने काही पुढे केलं, तर नाही म्हणायच्या आधी का ते सांगतो. समोरचा हसला तर हसू दे... त्या बाईंचं एवढं तरी देणं लागतो.