वीटभट्टीवरच्या बाईचा होकार

मुलांनो, नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलच्या आपल्या घराशेजारी एका दक्षिणेकडच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांना मराठी येत नसे. अडलं की ते मला बोलावत आणि मी पेशंटचं म्हणणं इंग्रजीत सांगे.

त्या सकाळी वीटभट्टीचा मालक एका कातकरी बाईला जीपमधून घेऊन आला. तिचा नवरा दारातच उकिडवा बसला.

"रचलेल्या विटा ओढून काढते. वेडी झालीय," मालक म्हणाला. "डॉक्टरांनी दाखला दिला की आजच कोर्टाचा हुकूम घेतो आणि वेड्यांच्या इस्पितळात सोडून येतो."

नवऱ्याची मान खाली गेली. डॉक्टर प्रश्न विचारू लागले, मी ते मराठीत सांगू लागले.

"आसपास कोणी नसताना कोणी बोललेलं ऐकू येतं?"

"हाय."

"जेवणात कोणी विष घालतं असं वाटतं?"

"हाय."

"बघा!" मालक हसला.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. पण प्रत्येक उत्तराआधी तिची नजर मालकाच्या पायांकडे जात होती. मी एक प्रश्न माझ्या मनाचा विचारला. "काल तू विमानानं दिल्लीला गेली होतीस?"

"हाय."

नवरा दारातून पुटपुटला, "शेठसमोर नाय म्हनायचं नसतं, बाय. आमी कोनीच म्हनत नाय."

हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मालकाला बाहेर थांबायला सांगितलं.

"मी का जाऊ? माझ्या भट्टीवरचं माणूस आहे!"

डॉक्टर स्वतः उठले आणि दार उघडून उभे राहिले. अखेर तो गेला. बाहेर जीपचा हॉर्न वाजू लागला.

"विटा का ओढतेस गं?" मी विचारलं.

तिनं आधी दाराकडे पाहिलं.

"माजा पोर तितं पुरलाय," ती म्हणाली. "त्याच्यावरच भट्टी रचली. सांजच्याला पेटवनार हायत."

डॉक्टरांनी दाखला द्यायला साफ नकार दिला. मालक शिव्या देत एकटाच निघून गेला. ती दोघं पायी निघाली. आम्हीही दवाखाना बंद करून त्यांच्यामागे गेलो.

भट्टीवर पोचताच ती पुन्हा विटा उतरवू लागली. मालक ओरडत धावून आला. तेवढ्यात माती मळणारी एक बाई उठली, मग दुसरी, मग सगळ्याच. बघता बघता विटा हातोहात उतरू लागल्या. एवढ्या वेड्या न्यायला त्याची एक जीप पुरणार नव्हती.