गोटीराममामांची फुली

गोटीराममामांनी माझ्यादेखत पहिल्यांदा हात उचलला, तो मी वाचनालयात नोकरीला लागल्याच्या तिसऱ्याच दिवशी. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या एका पंचविशीतल्या बाप्याने मासिकातलं पान ब्लेडने कापलं होतं. मामांनी त्याची मान धरली, ते पान त्याच्या तोंडात कोंबलं आणि अशी एक ठेवून दिली की नाकातलं रक्त समोरच्या वर्तमानपत्रांवर सांडलं. मग फडकं आणून त्यांनी टेबल पुसलं, त्याला पाणी दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, मासिक नवं मागवावं लागंल."

मी घाबरले नाही, संतापले. बी.लिब. होऊन आलेली ग्रंथपाल मी, आणि माझा शिपाई वाचकांना बदडतो. समितीकडे लेखी तक्रार केली. अध्यक्षांनी ती वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. मामांना ते जरा वचकूनच असत.

मामा मखमलाबादचे माळी. गलांडा आणि झेंडू फूलबाजारात टाकून सायकलवर पंचवटीतल्या आमच्या वाचनालयात यायचे. त्र्याण्णव सालापासून शिपाई. मान बैलासारखी, बोटं हळदीच्या कांड्यांसारखी, आणि त्याच बोटांनी फाटक्या पुस्तकांना इतकी नेटकी पट्टी लावायचे की मला हेवा वाटायचा. घरी एकटेच. बायको भागुबाई फार वर्षांपूर्वी निघून गेली होती. एकाने त्यावरून थट्टा केली, तर त्याचा ओठ फाटला. तेव्हापासून तो विषय कुणी काढला नाही.

दाराबाहेर एक फळा होता. मुदत उलटूनही ज्यांनी पुस्तक परत केलं नाही, त्यांची नावं पत्त्यासकट त्यावर खडूने लिहायची ही आमची जुनी पद्धत. गल्लीतले लोक येता-जाता वाचत, घरी जाऊन टोमणे मारत, आणि दोन दिवसांत पुस्तक परत येई. माझ्या आधीचे ग्रंथपाल फक्त संध्याकाळी तासभर यायचे, म्हणून फळा लिहायचं काम मामांकडेच राहिलं होतं.

दोन हजार चार साली कॉम्प्युटर आला. समितीला आता दुपारी बायकांसाठी संगणकवर्ग हवा होता, अभ्यासिकेला इंटरनेट हवं होतं, आणि सगळे सभासद यंत्रात हवे होते. मी दोन महिने खपून नोंदवही उतरवून घेतली. त्यात काही नावांपुढे पेन्सिलीने बारीक फुली होती. अकरा-बारा नावं असतील, बहुतेक बायकांची.

"मॅडम, त्या फुलीवाल्यांचं जरा बघून घ्या," मामा म्हणाले.

"काय बघायचं?"

"त्यांची नावं फळ्यावर जात नाय."

"का?"

समजावून सांगणं मामांना कधी जमलंच नाही. आणि मला तरी कुठे धीर होता? मला वाटलं, ओळखीपाळखीच्यांना सूट देतात. "मामा, नियम सगळ्यांना सारखा. कॉम्प्युटरमध्ये फुली नसते," असं मी तोडून टाकलं. ते वाक्य मला आजही झोपू देत नाही.

मला फार उशिरा कळलं, सभासद होताना जी बाई पत्ता सांगायला अडखळे, तिच्या नावापुढे मामा फुली मारत. शुभांगी त्यातलीच. मनमाडची, सव्वीस वर्षांची. नवरा वाल्मीक मनमाड-नाशिक काळी-पिवळी जीप चालवायचा. तिला वाचायचा नाद. तो पुस्तकं चुलीत घालायचा. एकदा त्याने जळतं पुस्तकच तिच्या दंडावर दाबून धरलं. ती पळून आली आणि पेठ रोडला खोली घेऊन लपून राहिली. तो पत्ता त्याला कळला तर तो जिवंत सोडणार नाही, हे तिने एकट्या मामांना सांगितलं होतं. मला ती फक्त संगणकवर्गातली गप्प मुलगी म्हणून माहीत होती. तिच्याकडे परीक्षेचं एक पुस्तक होतं. "परीक्षा होईस्तोवर ठेव," असं मामांनी तिला तोंडी सांगून टाकलं होतं. तोंडी सांगितलेलं कॉम्प्युटरला कुठून कळणार?

दसऱ्याच्या तोंडावर मामा चार दिवस रजेवर गेले. दसऱ्याला झेंडूपुढे माळ्याला नोकरी सुचत नाही. त्याच दिवसांत मी एक बटण दाबून पहिली छापील यादी काढली. नाव, पत्ता, पुस्तक, सगळं सुबक. ती मी स्वतः चिकटपट्टीने दाराबाहेरच्या फळ्यावर डकवली आणि लांब उभी राहून पाहिली. मला फार अभिमान वाटला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला एक माणूस आत आला. माझी यादी त्याने फळ्यावरून फाडून हातात धरली होती.

"ही शुभांगी. खोलीला कुलूप हाय. शेजारीण म्हणली, हितं शिकायला येती."

मला वाटलं, घरचं कुणी पुस्तक परत करायला आलंय. "वर वर्गात आहे," मी सांगितलं. वर जिन्याकडे बोटही दाखवलं.

त्याने सदऱ्याखालून चाक खोलायचा लोखंडी पाना काढला.

मामा त्याच वेळी रजा संपवून दारात सायकल लावत होते. त्यांनी उघडा फळा पाहिला, त्या माणसाच्या हातातला कागद पाहिला, पाना पाहिला. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. वाल्मीक पाच पायऱ्या चढला असेल, तोच मामांनी मागून त्याचा पाय ओढला. तो तोंडावर आपटला, उलटा फिरला आणि पाना मामांच्या उजव्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी काउंटरवर ऐकला. दुसरा घाव कानावर बसला. मामांनी पाय सोडला नाही.

"मॅडम, तिला गच्चीवरून काढा," एवढंच ते बोलले.

मी दोघांना ओलांडून वर धावले. शुभांगीने खालचा आवाज ओळखला होता. मी तिला गच्चीवर नेऊन शेजारच्या इमारतीच्या लागून असलेल्या गच्चीवर ढकललं. अक्षरशः ढकललं, कारण तिचे पाय हलत नव्हते.

खाली आले तेव्हा पाना मामांच्या डाव्या हातात होता आणि वाल्मीक जिन्याखाली पडला होता. मामा त्याच्या गुडघ्यावर मारत होते. एकदा, दोनदा, पाचदा. त्याची शुद्ध कधीच हरपली होती, तरी मारत होते. मी ओरडले, काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांच्या अंगावर पडले, तेव्हा थांबले. माझी साडी रक्ताने भिजली.

वाल्मीक जगला, लंगडा झाला आणि तुरुंगात गेला. मामांवरही गुन्हा दाखल झाला. त्यांचा उजवा पंजा डॉक्टरांना वाचवता आला नाही. दवाखान्यात लोकांची रीघ लागली. अध्यक्ष हार घेऊन आले. मी रोज डबा नेत होते. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. "मामा, चूक माझी आहे. तुम्ही फुलीचं कारण सांगितलं असतं तर..."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"भागुबाई नांदगावला बहिणीकडं लपली व्हती," ते म्हणाले. "लय मारायचो मी तिला. तिला गोष्टी वाचायचा नाद. तिथल्या वाचनालयाच्या फळ्यावर नाव व्हतं तिचं. पत्त्यासकट. मी वाचलं आन् गेलो."

"मग?"

"दार तिनंच उघडलं. डावा डोळा गेला तिचा."

डबा माझ्या हातात तसाच राहिला. तीन दिवस मी या माणसाला देव मानत होते. आता त्याच्या पाया पडावंसंही वाटलं आणि त्याच्या तोंडात मारावीशीही वाटली. दोन्ही मी केलं नाही. डबा उघडला आणि त्याला भरवला, कारण उजवा पंजा नव्हता आणि डाव्या हाताला सलाईन लावलेलं होतं.

यादी आता आम्ही लावत नाही, निरोप फोनवरून देतो. प्रोग्राम करणाऱ्या माणसाच्या मागे लागून मी सभासदांच्या नोंदीत एक नवा रकाना घालून घेतला. तो कशाला हवा, असं त्याने तीनदा विचारलं. मी सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात टपालाने एक पुस्तक आलं. शुभांगीने नेलेलं परीक्षेचं पुस्तक. आत चिठ्ठी नव्हती, पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता नव्हता. मी ते जमा करून घेतलं, यंत्रात तिची नोंद उघडली, जुना पत्ता पुसून टाकला आणि रकान्यात फुली मारली.