पायांची अक्का

अक्का माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघायच्या. बंगळूरच्या चिकपेट बाजारात साड्या घ्यायला गेलो की मी पदर बघायची आणि अक्का गादीवर बसलेल्या दुकानदाराची टाच. "अण्णा, भेगेत माती गेलीय. शुगर तपासली का?" असं भर दुकानात कन्नडमध्ये विचारायच्या. बिचारा पाय धोतरात ओढून घ्यायचा. सगळे त्यांना 'पायांची अक्का' म्हणत आणि ते नाव त्यांना मनापासून आवडायचं.

आमच्यासारखंच त्यांचंही मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरात मुरलेलं. नर्स म्हणून निवृत्त झाल्यावर त्या आमच्या छोट्या संस्थेत आल्या. शहराबाहेरच्या इरुळिग आदिवासींच्या वस्तीत मधुमेहात पाय कसे जपायचे ते त्या शिकवायच्या, मी त्यांची मदतनीस. वस्तीतली आशा कार्यकर्ती मादम्मा ही आमची पहिली विद्यार्थिनी. अक्का सरळ जमिनीवर मांडी घालून बसायच्या आणि समोरच्याचा पाय मांडीवर घ्यायच्या. वयानं मोठ्या बाईनं पायाला हात लावायचा म्हणजे पाप, म्हणून लोक संकोचायचे. "स्वल्प वर घ्या. सरी, ठीक. आता दुसरा," एवढंच त्या बोलायच्या. आम्हाला मात्र दर वेळी बजावायच्या, "दुखतंय का म्हणून विचारू नका गं. शुगरनं पाय बधिर होतो, काटा मोडला तरी तो चुगली करत नाही. डोळ्यांनीच बघायचं."

मादम्मानं एकदा अडचण काढली. डोंगरातल्या देवाला जाताना लोक चप्पल काढतात, त्यांना कसं अडवायचं? अक्का म्हणाल्या, "देवाला कशाला मध्ये आणतेस? जाऊ दे अनवाणी. परत आल्यावर तळवा बघायचा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या." मादम्मा खूश झाली. मीही त्या दिवशी भारावून गेले होते, हे आज कबूल करायला जीभ जड होते.

त्यांचा एक नियम होता. आधी आपले पाय, मग लोकांचे. दर महिन्याला शिकवणाऱ्यांनीही जोडीनं एकमेकींचे पाय बघायचे आणि कार्डावर सही करायची. माझी जोडी अक्कांशी. माझी बोटं त्या एकेक करून उलगडायच्या, नख वाकडं कापलं म्हणून रागवायच्या. त्यांची पाळी आली की मोजे घातलेले पाय आत घ्यायच्या. "माझ्या पायाला तू नमस्कारापुरता हात लाव. घरातलीच ना तू? कर सही." मी वाकून नमस्कार करायची आणि सही करायची. त्यांनाही मधुमेह आहे हे मला माहीत होतं. शुगर ताब्यात आहे म्हणायच्या आणि मी मानायची. चार वर्षं त्यांच्या पाया पडले, तळवा एकदाही पाहिला नाही.

मग एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. अंगठ्याखाली जखम होती, कित्येक महिन्यांची. मोजा निघता निघत नव्हता. गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

मला रडू आलं नाही, संताप आला. जगाचे तळवे उलटे करून बघणाऱ्या बाईनं माझ्यापासून तो पाय लपवला होता, आणि लपवायला माझाच हात वापरला होता.

त्या घरी आल्यावर मी के. आर. पुरमला त्यांच्याकडे गेले. त्यांनी दार लोटून घ्यायला सांगितलं. "वस्तीवर सांग, रिक्षाचा धक्का लागला."

"अक्का, कार्डावर माझी सही आहे."

"म्हणूनच सांगते. तुझीही अब्रू राहील. मास्तरणीचाच पाय सडला म्हटलं तर कोण ऐकेल आपलं?"

मी उठले. त्या दिवशी मी त्यांना नमस्कार केला नाही.

वस्तीवर बातमी आधीच पोचली होती. बायका पाय दाखवीनात. "दर महिन्याला तपासूनसुद्धा अक्कांचा पाय गेला, मग आमचे बघून काय होणार?" म्हणत होत्या. तेव्हा मी सांगून टाकलं, की तपासलाच नव्हता. मी न बघता सही करत होते. मग मादम्मा हळूच म्हणाली, "त्यांनी आमच्या सगळ्यांचे पाय मांडीवर घेतले. त्यांचा पाय कुणीच घेतला नाही होय?"

मी खाली बसले आणि समोरच्या म्हातारीचा पाय ओढून घेतला. तिनं तो घेऊ दिला. मग दुसरी पुढे आली.

अक्कांना हे कळायचं ते कळलंच. फोनवर एवढंच म्हणाल्या, "घरातलं रस्त्यावर मांडलंस. तुझ्यावर विश्वास होता माझा." विश्वासाची भाषा त्यांनी मला ऐकवावी! मीही नको ते बोलले. तेव्हापासून त्या माझा फोन घेत नाहीत. माझा राग अजून गेलेला नाही आणि जाईल असं वाटतही नाही. तरी दर महिन्याच्या तपासणीला मी त्यांना फोन लावते. कधी उचललाच तर भांडणाचं नंतर बघू. आधी एवढंच विचारायचंय, उरलेला पाय आता कोण बघतं?