स्लॅबला शेवटचा हात

वडिलांना अर्धांगवायू झाला आणि गारखेड्यातल्या आमच्या घराची गच्ची मला पहिल्यांदाच शत्रू वाटली. त्यांची खोली थेट स्लॅबखाली. एप्रिलच्या दुपारी त्यांचा डोळा लागेना, आणि एसी लावला की लुळा हात ठणकायचा. बोलता नीट येत नव्हतं, म्हणून नुसतं छताकडं बोट दाखवायचे. मे लागायच्या आत गच्चीवर ऊन अडवणाऱ्या फोमच्या जाड शीट टाकून वरून पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवून घ्यायचे, असं मी ठरवलं.

पण करणार कोण? पहिला ठेकेदार म्हणाला, दुसरा एसी घ्या. दुसरा ‘उद्या येतो’ म्हणाला, आणि त्याचा उद्या काही उगवला नाही. तिसरे एक वयस्कर मिस्त्री. तेही गच्चीवर एक फेरी मारून चपला शोधायला लागले.

“नक्को ताई. स्लॅब चांगला आहे, कायकू छेडायचं?”

मी चिडलेच. पण रागापेक्षा नवल जास्त वाटलं. काम समोरून चालत आलंय, तरी ही माणसं पळतात कशाला? चहा पुढं केला आणि विचारलं.

“स्लॅबला शेवटचा हात ज्यानं लावला, गळती त्याच्या नावावर. भेग दहा वर्षं जुनी का असंना. पावसाळ्यात लोक घरी येऊन शिव्या देतात, ताई.”

“मग आधीची गळती आधीच पकडू,” मी म्हणाले.

यावर मिस्त्री तयार झाले. गच्चीवर तीन दिवस पाणी कोंडून ठेवलं. खाली छताला ओल दिसेल तिथं मी स्टुलावर चढून पेन्सिलीनं गोल काढले. मिस्त्रींनी मान वर करकरून एकेक गोल तपासला, फोटो काढायला लावले. भेगा बुजवल्या आणि मगच शीट टाकल्या. तरी काम करताना पुटपुटणं चालूच: “स्लॅबच्या घरात कसली आली गर्मी!” हट्टी म्हातारा, असं मी मनात म्हणायची.

काम संपल्यावर आठवड्यानं ते भर दुपारी आले. बाबा चादर ओढून गाढ झोपले होते. मिस्त्री स्टुलावर चढले, गार छताला तळवा लावला आणि ठिकठिकाणी फिरवून पाहिला.

“पटलं ना आता?” मी चिडवलं.

ते खाली उतरले. बाबांची झोप मोडू नये म्हणून हळूच म्हणाले, “ताई, ही शीट पत्र्याच्या खालून बसंल का? बजाजनगरला आमचं पत्र्याचं घर आहे. अम्मीला उठता येत नाय. दिवसभर तिथंच पडून असती.”

महिनाभर मी त्यांना स्लॅबबद्दल काय काय विचारलं होतं. तुमचं घर कसलं, हे एकदाही नाही. मला स्वतःची फार लाज वाटली. मी पायात चप्पल सरकवली आणि म्हणाले, “चला, आधी मला घर दाखवा.”