गटारीच्या वाटेतला वीरगळ

मंडळी, आज सकाळी कसबा बावड्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी गटारीची खुदाई सुरू झाली. पिंपळाखालचा वीरगळ, म्हणजे लुटारूंकडून गुरं सोडवताना धारातीर्थी पडलेल्या वीराचा कोरीव दगड, नेमका वाटेत येत होता.

मी जेसीबीवाल्याला त्याचा इतिहास सांगितला. तो म्हणाला, "पावणं, दगडच हाय की."

शेजारच्या आक्का गेटातून म्हणाल्या, "व्हय, दगडच. थांब, शेंदूर आणते. मग हलवून दाखव."

"आक्का, तसलं काय करू नका," म्हणत त्यानं मशीन बंद केलं आणि ठेकेदाराला फोन लावला. आता गटार वळून जाणार आहे.

शेंदूर मात्र आम्ही लावणार नाही, त्यानं कोरीव काम बुजतं. रविवारी माहितीची पाटी लावतोय. तुमच्या गावात दगड पाटीनं वाचतो, की शेंदरानंच?